विद्याधरांचे वंशज, वानरांचे वंशज



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बदलापुरात बोलण्याचे आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, फार तर गिरणीसंपाच्या आठवणी सांगू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही देव, यक्ष, गंधर्व आणि विद्याधर यांच्या कुळकथांवर बोलणार असे कळविले, तेव्हा चालकांपैकी एकांनी आमच्या प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठीक आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. त्यापुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. संस्कृत आम्हांस येत नाही, प्राकृत त्याहून येत नाही. जे वाचले ते भाषांतरांतून व जाणत्यांच्या ग्रंथांतून वाचले. पंडितांनी उणे राहील ते भरून घ्यावे.

विषय सुचण्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमच्या एका सभासदाचा मुलगा आणि त्याचे मित्र रविवारी एका टेबलाभोवती जमतात. टेबलावर कागद, पेन्सिली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे असतात. एक जण कथा चालवितो. बाकीचे त्या कथेतली पात्रे होऊन बोलतात, लढतात, हरतात, मरतात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे या खेळाचे नाव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. मुलगा बिघडला की काय म्हणून त्याच्या वडिलांनी आम्हांस पाहायला पाठविले होते. आम्ही गेलो आणि चार तास बसलो. मुलगा बिघडलेला नव्हता. पण त्याच्याकडची जाडजूड पुस्तके चाळताना आम्हांस घरी आल्यासारखे वाटू लागले.

त्या पुस्तकांत देव आहेत, देवांची भांडणे आहेत आणि त्या भांडणांतून जन्मलेली माणसांसारखी पण माणसे नव्हेत अशी कुळे आहेत. 'एल्फ' नावाचे एक कूळ आहे. लांब कानांचे, देखणे, शेकडो वर्षे जगणारे, अरण्यात राहून गाणारे व मंत्र जाणणारे. आपल्याकडे त्यांना गंधर्व म्हटले असते. कोरेलॉन हा त्यांचा देव. याचे ग्रूम्श नावाच्या दुसऱ्या देवाशी युद्ध झाले, त्यात ग्रूम्शचा एक डोळा गेला आणि कोरेलॉनचे जे रक्त सांडले त्यातून एल्फ जन्मले, असे ते पुराण सांगते. ग्रूम्श हा ऑर्क नावाच्या आडदांड, कुरूप, लुटारू कुळाचा देव. एल्फांपैकीही एक शाखा काळ्या कातडीची आहे. त्यांना 'ड्रो' म्हणतात. लॉल्थ नावाच्या कोळीदेवीच्या मागे लागल्यामुळे त्यांना जमिनीखाली हाकलले, अशी त्यांची कथा आहे. १९८० साली या खेळासाठी देवदेवतांचे एक पुस्तक निघाले, त्यात ग्रीकांच्या आणि मिसरच्या देवांबरोबर आपला इंद्रही आहे, आणि त्याला किती घाव सोसतील याचा आकडा त्याच्या नावाखाली छापलेला आहे. हे वाचून आम्हांस राग आला नाही. आपल्या पुराणांतही इंद्राचा मान फारसा राखलेला नाही.

पण एका गोष्टीपाशी आम्ही थांबलो. ऑर्क असे का झाले, याची त्या पुराणातली कथा अशी आहे. सृष्टीच्या आरंभी देवांनी जमीन वाटून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला अरण्ये मिळाली, कुणाला डोंगर, कुणाला कुरणे. सर्वांच्या चिठ्ठ्या उचलून झाल्यावर ग्रूम्शची पाळी आली, तर काहीच उरले नव्हते. बाकीचे देव हसले. तेव्हा त्याने भाला उचलून डोंगर फोडले आणि शपथ घेतली की माझी लेकरे तुमच्या लेकरांच्या जमिनीत घुसतील आणि हवे ते घेतील. ही कथा १९८२ साली रॉजर मूर नावाच्या लेखकाने त्या खेळाच्या मासिकात सविस्तर लिहिली. मुलांनी ती आम्हांस मोठ्या चवीने सांगितली आणि फासे टाकून ऑर्कांना मारायला निघाली. आमचे लक्ष मात्र त्या चिठ्ठ्यांत अडकले. का अडकले, ते शेवटी सांगू. कारण त्यात आमची स्वतःची एक सही गुंतलेली आहे.

एल्फ काही अमेरिकेत जन्मले नाहीत. आइसलंडमध्ये तेराव्या शतकात स्नोरी स्टुर्लुसन याने उत्तरेकडच्या देवांची जी गद्य पोथी लिहिली, तीत उजळ एल्फ आणि डांबराहून काळे एल्फ असे दोन भेद दिलेले आहेत. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने त्या जुन्या साहित्यातून आपली कादंबरी रचली. ती १९५४-५५ साली तीन भागांत छापली गेली आणि पुढे या खेळाने तिच्यातून पुष्कळ उचलले. उजळ ते चांगले आणि काळे ते वाईट, ही वाटणी अशी जुन्या खात्यावरून नव्या खात्यावर ओढली गेली. हा इतिहास इतकाच पुरे. कारण आम्हांस जे सांगायचे आहे त्यासाठी आइसलंडला जाण्याची गरज नाही. बदलापूर स्टेशनावर मुंबईकडची लोकल धरावी आणि अंबरनाथला उतरावे.

वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे. त्या नदीचे पाणी आज कोणत्या रंगाचे असते ते तुम्हांस ठाऊक आहे. त्यावर आम्ही अन्यत्र बोलतो. मंदिर पश्चिमाभिमुख आहे आणि गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी येथे येऊन शिल्पांचे ठसे व चित्रे घेतली होती. उत्तरेकडच्या दाराच्या आतल्या बाजूस तुळईवर एक शिलालेख आहे. भाऊ दाजी आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी तो वाचला. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि राजा मांम्वाणी अथवा मुम्मुणी, उत्तर कोकणचा शिलाहार. लेखात राजाचे व त्याच्या अधिकाऱ्यांचे उल्लेख आहेत. दगड फोडणाऱ्यांचे, वाहणाऱ्यांचे व ते चढविणाऱ्यांचे नाहीत. जुन्या मंदिरांतून खांबांच्या माथ्यावर छत पाठीवर तोलून धरणारी बुटकी माणसे कोरलेली असतात. पुस्तकांतून त्यांना भारवाहक म्हणतात. आमच्या युनियनच्या पावतीपुस्तकावर त्यांचे चित्र छापावे, अशी सूचना आम्ही एकदा कार्यकारिणीत केली होती. ती फेटाळली गेली.

तर हे शिलाहार कोण? आठव्या शतकाच्या अखेरीस वा नवव्याच्या आरंभी पहिला कपर्दी हा राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून उत्तर कोकणात सत्तेवर आला. ठाणे, जुने नाव स्थानक, ही पुढे त्यांची राजधानी झाली. कोल्हापूर आणि दक्षिण कोकण येथे त्यांच्या आणखी दोन शाखा होत्या. १२६५ च्या सुमारास शेवटचा राजा सोमेश्वर हा देवगिरीच्या महादेव यादवाशी झालेल्या लढाईत समुद्रात बुडाला आणि उत्तर कोकणचे शिलाहार राज्य आटोपले. हे झाले राजकारण. आमचा विषय त्यांच्या ताम्रपटांच्या आरंभी आहे. दानाच्या जमिनीच्या चतुःसीमा सांगण्याआधी हे राजे आपले कूळ सांगतात. ते सूर्याचे नाही आणि चंद्राचेही नाही. आम्ही जीमूतवाहनाच्या वंशातले, असे ते म्हणतात. हा जीमूतवाहन विद्याधर होता.

विद्याधर म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधल्या पायरीवरचे कूळ. ते आकाशातून उडतात, डोंगरांच्या माथ्यांवर नगरे वसवितात, गातात, प्रेमे करतात. त्यांचे सामर्थ्य विद्येत असते; विद्या गेली की खाली कोसळतात. (रात्रशाळेत शिकलेल्या माणसास हे नाव का आवडावे, ते सांगायला नको.) एल्फांशी यांचे नाते जुळवायला फार प्रयास पडत नाहीत. म्हणजे ज्या ठाणे जिल्ह्यात आम्ही हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधी यांसाठी भांडतो, त्या जिल्ह्यावर साडेचारशे वर्षे एका एल्फवंशी घराण्याचे राज्य होते, असे त्या मुलास आम्ही सांगितले. तो फारच खूष झाला.

जीमूतवाहनाची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी वेताळपंचविशीत वाचली असेल. कनोजच्या हर्षाने सातव्या शतकात तिच्यावर 'नागानंद' हे नाटक लिहिले. जीमूतवाहनाच्या घरी इच्छा पुरविणारा कल्पवृक्ष होता. तो त्याने जगाचे दारिद्र्य जावे म्हणून देऊन टाकला. भाऊबंद राज्यासाठी भांडू लागले तेव्हा राज्य सोडून तो आईबापांसह मलय पर्वतावर गेला. तेथे समुद्रकाठी त्याला हाडांचा ढीग दिसला. गरुड नागांना खात असे. सरसकट संहार नको म्हणून नागांच्या राजाने, वासुकीने, गरुडाशी करार केला होता: रोज एक नाग पाठवीन. त्या दिवशी शंखचूड नावाच्या पोराची पाळी होती आणि त्याची आई त्याला धरून रडत होती. जीमूतवाहन म्हणाला, मी जातो. शंखचूडाने नकार दिला. तो देवदर्शनास गेला तेवढ्यात जीमूतवाहन शिळेवर जाऊन पडला. गरुडाने त्याला चोचीने उचलले आणि खाऊ लागला. खाल्ला जाणारा हसतमुख आहे हे पाहून गरुड थबकला. तेवढ्यात धावत, रक्ताचा माग काढीत शंखचूड आला आणि ओरडला, नाग मी आहे, त्याला सोड, मला खा. पुढे गौरी प्रसन्न होऊन जीमूतवाहन जिवंत झाला, गरुड वरमला आणि मेलेले नागही उठले.

शिळेवर जो आहार झाला तो शिलाहार, अशी राजघराण्याच्या नावाची व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा मागाहून जुळविलेली असो, राजांना ती प्रिय होती. आणि गंमत पहा, याच राजांच्या निशाणावर सोन्याचा गरुड होता. नागासाठी स्वतःस खाऊ घालणारा पूर्वज आणि नाग खाणारा पक्षी, दोघेही एकाच घराण्याचे. ताम्रपटात त्यागाचे नाव घालावे आणि वसुलीला निघताना गरुड पुढे धरावा, यात राजांना विसंगती वाटली नसेल. मालक लोकांच्या कचेऱ्यांतूनही भिंतीवर महात्म्यांच्या तसबिरी असतात.

वेताळाने ही गोष्ट सांगून राजाला विचारले की जीमूतवाहन आणि शंखचूड यांत अधिक धैर्याचा कोण? आम्ही प्रथम वाचले तेव्हा उत्तर ठरलेलेच समजलो होतो. पण राजा म्हणतो, शंखचूड. जीमूतवाहनाला जन्मोजन्मीची सवय होती. पण जो सुटला होता, ज्याला कुणी बोलाविले नव्हते, तो आपण होऊन गरुडामागे धावला, हे अधिक. ताम्रपट लिहिणाऱ्यांनी हे उत्तर घेतले नाही. शंखचूडाचे वंशज म्हणविणारा राजा कोकणात झाला नाही.

आता ही विद्याधरांची पुराणे मुळात कुणी सांगितली? कश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला तो राणी सूर्यमतीसाठी, अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात. अंबरनाथच्या भिंती उभ्या राहिल्या त्याच पिढीत. पण आपला ग्रंथ एका जुन्या ग्रंथाचा संक्षेप आहे, असे तो स्वतःच सांगतो. तो ग्रंथ म्हणजे गुणाढ्याची 'बृहत्कथा', आणि गुणाढ्य आपल्या पैठणचा. त्याची हकिगत सोमदेवाने दिली आहे. ती कथा म्हणून घ्यावी, पण घ्यावीच.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, 'मोदकैः', म्हणजे पाणी नको उडवू. राजाला संधी उलगडला नाही. त्याने मोदक मागविले. राणी हसली. राजा खोलीत जाऊन पडला, बोलेना. (आमच्यासारख्यांनी या राजाला हसू नये. वाटाघाटीत साहेबाच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ न कळून आम्ही मान डोलाविली आहे आणि रात्री जागलो आहोत.) गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत संस्कृत शिकवितो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज घेतली की तसे झाले तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही मी सोडीन. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकविले. गुणाढ्य मुका झाला आणि विंध्याच्या रानात गेला. तेथे त्याने पिशाचांकडून पैशाची भाषा शिकून घेतली आणि तिच्यात, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात लाख श्लोकांची विद्याधरांची कथा सात वर्षांत लिहिली.

ग्रंथ पैठणला पाठविला. राजाने सांगितले, भाषा पिशाचांची आणि अक्षरे रक्ताची; धिक्कार असो. गुणाढ्याने डोंगरावर अग्निकुंड पेटविले, एकेक पान वाचायचे आणि आगीत टाकायचे. रानातली जनावरे भोवती बसून ऐकू लागली, चरायची थांबली, रडू लागली. इकडे राजवाड्यात मांस सुकेच येऊ लागले आणि राजा आजारी पडला. आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखविले, पारध्यांनी जनावरांकडे. राजा रानात धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले; नरवाहनदत्त विद्याधरांचा चक्रवर्ती कसा झाला, त्याची ती कथा.

पैशाची ही गुणाढ्याची कल्पना नव्हती. ती खरी प्राकृत भाषा असून वररुची आणि हेमचंद्र यांच्या व्याकरणांत तिचे नियम दिले आहेत. ती बोलणारी माणसे होती. दरबाराने त्यांच्या भाषेला पिशाचांची भाषा म्हटले. दंडीने बृहत्कथेच्या भाषेला भूतभाषा म्हटले आहे. मूळ पैशाची ग्रंथ आज उपलब्ध नाही. संस्कृत व प्राकृत रूपांतरे राहिली. विद्याधर टिकले, पिशाचांची भाषा गेली. आणि याच गुणाढ्याचा बाप कोण, तर सोमदेव सांगतो त्याप्रमाणे, वासुकीच्या भावाचा मुलगा कीर्तिसेन. म्हणजे आई माणूस, बाप नाग. त्या मुलांच्या खेळात अर्धे एल्फ असतात आणि ते दोन्हीकडे उपरे ठरतात. पैठणच्या पहिल्या मोठ्या कथाकारास परंपरेने अर्धा नाग ठरविले आहे, हे आम्हांस फार उद्बोधक वाटते.

राक्षसांचे काय? ते तर जन्मजात दुष्ट. निदान आमची तशीच समजूत होती. पण आपल्याच महाराष्ट्री प्राकृतात, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, विमलसूरी या जैन मुनीने 'पउमचरिय' नावाचे रामायण रचले आहे. त्यात श्रेणिक राजाला शंका येते की एवढे बलवान राक्षस माकडांकडून कसे मारले गेले, आणि कुंभकर्ण सहा महिने कसा झोपला? हे खोटे सांगितले जाते, असे त्याला उत्तर मिळते. राक्षस हे मांसभक्षक भुते नव्हेत. ते विद्याधरांचे एक कूळ. वानर म्हणजेही माकडे नव्हेत. ज्यांच्या ध्वजावर वानर होता ते दुसरे विद्याधर कूळ. रावणाची दहा तोंडे म्हणजे गळ्यातल्या हारातील नऊ रत्नांत पडलेली त्याच्या तोंडाची प्रतिबिंबे. विमलसूरीला स्वतःच्या धर्माचा प्रचार करायचा होता, हे आम्हांस कळते. तरीही, एखादे अख्खे कूळच्या कूळ जन्मतः वाईट असू शकत नाही, हे आपल्या भाषेच्या आजीने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले. त्या खेळाच्या मालक कंपनीला ते २०२० साली सुचले. ऑर्क आणि ड्रो यांना स्वभावतः दुष्ट दाखविण्याची रीत बदलू, असे तिने त्या वर्षी जाहीर केले. पुढे २०२२ च्या डिसेंबरात 'वंश' हा शब्दच सोडणार असे सांगितले आणि २०२४ च्या नियमपुस्तकात तो बदलला. उशिरा सुचले, पण सुचले.

महाराष्ट्रात हा कुळकथांचा पट उलटा मांडण्याचे काम जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त केले. त्यांनी बळीला आपला राजा केले आणि खंडोबा, म्हसोबा यांना त्याच्या राज्याचे अंमलदार. म्हसोबा म्हणजे महासुभा, असा त्यांचा अर्थ. त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती भाषाशास्त्रज्ञांना मान्य होणार नाही. शिलाहारांची तरी कुठे होते? बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात हे गाव का निवडले ते सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला. ज्यांना शिळेवर पाठवायचे त्यांचे वंशज म्हणविणे, हे तेथे अभिमानाने झाले. कोसंबींनी पुढे १९६२ च्या आपल्या ग्रंथात पुणे परिसरातील चव्हाट्यांवरच्या आणि खिंडींतल्या शेंदरी दगडांचा माग काढला. आपल्याकडे डोहाकाठी साती आसरा असतात. आसरा म्हणजे अप्सराच. मंदिराच्या भिंतीवर ती दागिने घालून आरसा पाहते आणि विहिरीच्या काठी सात गोटे होऊन नारळाची वाट बघते.

समुद्रमंथनाचीही गोष्ट येथेच सांगून टाकतो. देव आणि असुर यांनी मिळून दोर ओढला. श्रम समसमान, उलट वासुकीच्या विषारी तोंडाकडची बाजू असुरांकडे होती, म्हणजे धोक्याचे काम त्यांचे. अमृत निघाले ते देवांनी वाटून घेतले. आम्ही एकदा गेटसभेत ही कथा बोनसच्या मागणीसाठी सांगितली आणि टाळ्या पडल्या. टाळ्या ज्यांनी वाजविल्या ते सारे कायम कामगार होते. त्या सभेच्या मागे, फाटकाबाहेर, कातकरी बसले होते.

१८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात कातकऱ्यांविषयी एक नोंद आहे. रामाने लंकेवर नेलेल्या वानरांचे आम्ही वंशज, असे ते सांगतात. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. जंगले सरकारी झाली, कात गेला आणि त्यांतले पुष्कळ वीटभट्टीवर उचल घेऊन राबू लागले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, उचल चालूच राहिली. आमच्या तालुक्यात, एकाच रामकथेच्या छायेत, राजा म्हणाला मी विद्याधर आणि कातकरी म्हणाला मी वानर. विमलसूरीला विचारले असते तर तो म्हणाला असता, दोघे एकाच कुळाचे. पण त्याला येथे कोण विचारणार? राजाचे कूळ तांब्यावर कोरले गेले. कातकऱ्यांचे कूळ गोऱ्या अधिकाऱ्याने नोंदविले, तेही त्यांच्या चोरीच्या सवयींच्या चर्चेशेजारी.

आता सहीची हकिगत. ती अनेक वर्षांपूर्वीची आहे आणि कारखान्याचे नाव घेण्यात अर्थ नाही; चूक आमची होती. करार जवळ आला होता. कायम कामगारांची पगारवाढ, धुलाई भत्ता, कँटीन, सारे ठरले. मालगाड्या भरणारे-उतरविणारे कंत्राटी होते. त्यांतले बरेचसे जवळच्या वाडीतले कातकरी आणि ठाकूर होते. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा आम्हांस तोंडपाठ होता. त्यावर आम्ही शिबिरे घेत होतो. व्यवस्थापनाने सांगितले, लोडिंगवाल्यांचा विषय काढला तर सगळेच लांबेल. आमच्या कमिटीत कुणी तरी म्हणाले, ते लोक टिकून काम करीत नाहीत, आज आहेत उद्या नाहीत, जातच तशी. आम्ही गप्प बसलो. इतकेच नव्हे तर आम्हांसही ते थोडेसे पटले. सही केली, गुलाल उडाला.

दोन दिवसांनी संध्याकाळी लोडिंगचा एक म्हातारा माणूस आणखी तिघांना घेऊन युनियनच्या कचेरीत आला. खुर्ची दिली तरी बसला नाही. कराराची प्रत टेबलावर होती. तिच्याकडे पाहून त्याने विचारले, "दादा, यात आमचा काय लिवलाय?" आम्ही पाने उलटली. ती आम्हीच तयार केलेली होती, काय आहे आणि काय नाही ते आम्हांस माहीत होते, तरी आम्ही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली. तो उभा राहून वाट पाहत होता. मग म्हणाला, "बरं," आणि चौघे गेले.

पुढच्या करारात त्यांची नावे आली. त्यासाठी वर्षभर भांडावे लागले आणि सर्वांत जास्त आपल्याच लोकांशी भांडावे लागले. पण तोवर त्या चौघांपैकी दोघे भट्टीवर गेले होते, आणि म्हातारा वारला होता. त्याच्या मुलाचे नाव लिहून घेताना कारकुनाने आडनाव विचारले, मुलाने सांगितले, आणि कारकुनाने ते चुकीचे लिहिले. ते दुरुस्त करून घ्यायला आणखी चार महिने गेले.

तर त्या रविवारी, चिठ्ठ्यांची कथा ऐकल्यावर, मुलांनी आम्हांसही खेळायला बसविले. काका, तुम्ही कोण होणार, एल्फ की माणूस, असे त्या मुलाने विचारले. आम्ही म्हणालो, ऑर्क. पोरे हसली. त्याने नवे पुस्तक काढून पान शोधले आणि म्हणाला, होता येईल, या पुस्तकात तो मूळ यादीतच आहे. नाव विचारले तेव्हा आम्ही शंखचूड सांगितले. ते त्याने कागदावर नीट, शुद्ध लिहिले. मग वीस बाजूंचा फासा आमच्या हाती दिला. आम्ही टाकला, चार पडले.